फेरारी-अल्फाच्या इंजिनांवर धावलेल्या शर्यतीच्या जुन्या बोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आर्नो 11' या लाल बोटीचा फोटो पाहिला की बहुतेकांना एकच शंका येते: ही बोट आहे की चाकं काढलेली शर्यतीची गाडी? प्रश्न रास्त आहे. तिच्या पोटात जे इंजिन आहे, ते फॉर्म्युला वनच्या गाडीसाठीच जन्माला आलं होतं. अशा बोटींना हायड्रोप्लेन म्हणतात. गेली काही वर्षं या बोटींबद्दल लोक मला जे प्रश्न विचारत आले, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बराचसा मजकूर 1950 च्या दशकातल्या इटलीबद्दल आहे, कारण हा प्रकार खऱ्या अर्थाने बहरला तो तिथल्या तळ्यांवर.

हायड्रोप्लेन म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान ना?

नाही, त्याला सीप्लेन म्हणतात. हायड्रोप्लेन ही बोटच असते, पण पाणी कापत जाण्याऐवजी पाण्याच्या पाठीवरून घसरत जाणारी.

मुसळधार पावसात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाडी जोरात असली की टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, गाडी तरंगल्यासारखी होते आणि स्टिअरिंग हलकं लागतं. ज्यांनी हे अनुभवलं आहे, त्यांनी हायड्रोप्लेनिंग अनुभवलं आहे. गाडीत तो अपघात ठरतो. या बोटी मात्र मुद्दाम त्या अवस्थेत जाण्यासाठीच बांधल्या जातात.

पण बोट पाण्यावर चढते कशी?

नदीकाठी उभं राहून चपटी चीप आडवी भिरकावली की ती टप्पे घेत जाते. तीच चीप हातातून नुसती सोडली तर बुडते. फरक पडतो तो वेगाने आणि कोनाने. तळ किंचित वर उचललेला ठेवून बोट पुरेशा वेगाने पुढे रेटली, की खालचं पाणी तिला वर ढकलतं आणि ती पाण्यातून बाहेर येऊ लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे. म्हणून पाण्याला टेकलेला तळाचा भाग जितका कमी, तितका वेग जास्त. हायड्रोप्लेनच्या रचनेचा सगळा इतिहास म्हणजे हा टेकलेला भाग कमी करत नेण्याची धडपड आहे.

सुरुवातीला तळाला पायरी ठेवून बोट दोन ठिकाणी टेकवत. 1930 च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या व्हेंटनर बोटयार्डात आडॉल्फ अपेल यांनी पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन छोटे पाय काढले. त्यांना स्पॉन्सन म्हणतात. दोन स्पॉन्सन पुढे आणि एक टेकू मागे, अशी ही तिवई. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, तसाच हा हिशेब. दोन स्पॉन्सनच्या मधल्या बोगद्यात हवा कोंडते आणि तीही बोटीला उचलून धरते.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. वेगात असताना बोटीची मागची बाजूही पाण्यातून वर येते आणि मागचा टेकू म्हणून उरतो तो फक्त फिरता पंखा, म्हणजे प्रॉपेलर. तोही अर्धाच पाण्यात, अर्धा हवेत. अर्ध्या पंख्यानेच बोट ढकलायची आणि त्यानेच तिचा मागचा भार पेलायचा. सिएटलच्या टेड जोन्स यांनी रचलेल्या 'स्लो-मो-शन 4' या बोटीने हे तंत्र जगासमोर आणलं. जून 1950 मध्ये तिने ताशी 160 मैलांचा, म्हणजे सुमारे 258 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला आणि त्यानंतर सगळे याच वाटेने गेले.

मग गाडीचं इंजिन कशाला? विमानाचं जास्त ताकदवान असतं की.

असतं, आणि अमेरिकनांनी तेच वापरलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे लढाऊ विमानांची ॲलिसन आणि रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनं स्वस्तात मिळू लागली. 'स्लो-मो-शन 4' मध्येही ॲलिसनच होतं. पण ॲलिसनचं नुसतं कोरडं वजनच 630 किलोच्या आसपास भरतं.

युरोपातल्या बोटींचे वर्ग वजनावरून पाडलेले होते. सगळ्यांत चुरशीचा वर्ग 800 किलोंचा. त्यात 630 किलोंचं इंजिन ठेवलं तर लाकूड, शाफ्ट, सुकाणू आणि बसायची जागा यांना उरणार काय? हलकं असूनही भरपूर ताकद देणारी इंजिनं त्या काळी एकाच ठिकाणी तयार होत होती, ग्रां प्री म्हणजे फॉर्म्युला वनसारख्या मोटारशर्यतींच्या कारखान्यांत.

पण कुठलाही कारखाना आपलं शर्यतीचं इंजिन असं बाहेर देईल का?

एरवी देणार नाही. इथे मात्र वेळ जुळून आली, आणि या सगळ्या कथेचा गाभा मला तिथेच दिसतो. म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

1951 साली फॉर्म्युला वनचा नियम असा होता की इंजिन सुपरचार्जरशिवाय (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाशिवाय) असेल तर साडेचार लिटरपर्यंत चालेल आणि सुपरचार्जरसह असेल तर फक्त दीड लिटरपर्यंत. अल्फा रोमिओने दुसरा मार्ग धरला होता. त्यांच्या 158 आणि 159 या गाड्यांचं इंजिन दीड लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडरचं, जोआकिनो कोलोंबो यांनी आखलेलं. 1951 पर्यंत त्यातून मिनिटाला 9,300 फेऱ्यांवर सव्वाचारशे अश्वशक्ती काढली जात होती. 1950 मध्ये फारिना आणि 1951 मध्ये फांजिओ याच गाड्यांवर जगज्जेते झाले. मात्र या इंजिनाची भूक राक्षसी होती. इंधनासाठी गाडीला पुनःपुन्हा थांबावं लागे.

फेरारीचे आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी नेमकी ही भूक हेरली. त्यांनी सुपरचार्जर सोडून दिला आणि साडेचार लिटरचं व्ही12 इंजिन बांधलं. ताकद थोडी कमी, पण इंधन कितीतरी कमी आणि थांबेही कमी. 14 जुलै 1951 रोजी सिल्व्हरस्टोनला फ्रॉइलान गोन्झालेस यांनी या इंजिनाच्या 375 गाडीवर अल्फाला हरवलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला फेरारीचा तो पहिला विजय. ज्या अल्फाला त्यांनी हरवलं, ती 158 ही मुळात 1937-38 मध्ये एन्झो फेरारी यांच्याच मोदेनाच्या कार्यशाळेत घडली होती. ते तेव्हा अल्फाचाच शर्यतीचा संघ चालवत होते.

आणि मग एकाएकी दोन्ही इंजिनं बेकार झाली. 1951 च्या अखेरीस अल्फा रोमिओ ग्रां प्रीतून बाहेर पडली. फेरारीला टक्कर द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून 1952 आणि 1953 ची अजिंक्यपदं दोन लिटरच्या फॉर्म्युला टू गाड्यांवर घेण्याचं ठरलं. फेरारीचे चालक आस्कारी यांनी 1952 मध्ये एक 375 गाडी इंडियानापोलिसला नेली, तिथे चाकाने दगा दिला. थोडक्यात, जगातली सर्वोत्तम दोन शर्यतीची इंजिनं तयार होती, त्यांना हात लावणारे कारागीर होते, फक्त धावायला रस्ता उरला नव्हता.

तळी मात्र होती.

कास्तोल्दी आणि वर्गा म्हणजे कोण?

आकिल्ले कास्तोल्दी आणि मारिओ वर्गा, दोघेही इटलीचे बोटशर्यतपटू आणि एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. कास्तोल्दी आपल्या प्रत्येक बोटीला 'आर्नो' हे एकच नाव देत आणि पुढे क्रमांक लावत. वर्गांच्या बोटी 'लाउरा' नावाच्या.

वर्गांनी आपल्या 'लाउरा' मध्ये अल्फा 159 चं इंजिन बसवलं आणि 1953 च्या सुरुवातीला 800 किलो वर्गाचा विक्रम ताशी 225 किलोमीटरच्या घरात नेऊन ठेवला. उत्तर म्हणून कास्तोल्दी फेरारीकडे वळले. सिल्व्हरस्टोनच्या रस्त्यावर 1951 मध्ये जी दोन इंजिनं भिडली होती, तीच दोन वर्षांनी इझेओच्या तळ्यावर पुन्हा समोरासमोर आली. या बोटींना 'श्रीमंतांची खेळणी' म्हणून झटकणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. ग्रां प्रीच्या इतिहासातली एक अर्धवट राहिलेली लढत पाण्यावर पुरी झाली, असं मी या प्रसंगाकडे पाहतो.

'आर्नो 11' कोणी बांधली?

लाकडाचं काम कोमो तळ्याकाठच्या आत्सानो गावातल्या तिमोस्सी बोटयार्डाचं. तीन टेकूंची रचना, वर महोगनी. इंजिन फेरारीचं.

गाडीतून काढलेलं इंजिन जसंच्या तसं बोटीत चालतं का?

जसंच्या तसं टाकलं तर फार वेळ टिकणार नाही. रस्ता आणि पाणी यांच्या मागण्या वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट भाराची. शर्यतीतली गाडी वळणाआधी वेग उतरवते, गिअर बदलताना क्षणभर श्वास घेते. बोटीचं इंजिन सरळ धावेत अखंड पूर्ण भाराखाली राबतं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवत राहावं आणि घाट कधी संपूच नये, तशी त्याची स्थिती. त्यात लाटेवर बोट उसळली आणि पंखा पाण्याबाहेर आला की तोच भार एका क्षणात नाहीसा होतो. इंजिन किंचाळत वर जातं. पुढच्या क्षणी पंखा पुन्हा पाण्यात आपटतो आणि सगळा धक्का शाफ्ट, गिअर आणि क्रँकपर्यंत पोहोचतो. असे धक्के एका धावेत किती बसतील याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या फेऱ्या कमी करून चाकांना देतो. इथे उलट असतं. अर्ध्या बुडालेल्या छोट्या पंख्याला इंजिनापेक्षाही जास्त फेऱ्या लागतात, म्हणून मध्ये फेऱ्या वाढवणारा गिअर बसवतात. वेगवेगळे गिअर बदलण्याचा प्रश्न येत नाही. बहुतेक बोटींत क्लचही नसे. इंजिन सुरू झालं की पंखा फिरलाच आणि बोट निघालीच. ब्रेक तर नाहीतच. पाय उचलला की पाणीच तिला थांबवतं.

थंड करण्याचं काम मात्र सोपं होतं. रेडिएटर काढून टाकायचा आणि तळाशी लावलेल्या नळीने तळ्याचंच पाणी आत घ्यायचं. वेग वाढला की दाबही वाढतो, पंपाचं काम फुकटात होतं. पण आल्प्सच्या पायथ्याच्या तळ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनात घुसणं धातूला मानवत नाही. शिवाय बोट उभी असताना किंवा हवेत असताना नळीत पाणीच येत नाही. म्हणून धक्क्याला बांधलेली अशी बोट नुसती गुरगुरत ठेवणं जाणकार टाळतात.

आणखी एक त्रास पिळाचा. एका दिशेने फिरणारा जबर पंखा बोटीला विरुद्ध बाजूला कलंडवत राहतो. त्यामुळे सरळ जायचं असलं तरी चालकाचे हात सतत स्टिअरिंगशी झगडत असतात.

त्या बोटींत चालक इंजिनाच्या मागे का बसे?

वजनाचा तोल साधण्यासाठी. तेव्हाच्या बहुतेक अमेरिकन हायड्रोप्लेनची हीच रचना होती. भाजणारं तेल, धूर आणि तुषार सगळं चालकाच्या तोंडावर येई. पुढे चालकाला इंजिनाच्या पुढे आणलं, आणि 1980 च्या दशकात लढाऊ विमानासारखं बंद छत आलं. त्या छताने अनेक जीव वाचवले.

फेरारीच्या इंजिनात नेमका काय बदल केला?

गाडीत ते साधारण 380 अश्वशक्ती देत होतं. 'आर्नो' साठी त्याला दोन सुपरचार्जर लावले आणि पेट्रोलऐवजी मेथॅनॉल पाजलं. ताकद 550 ते 600 अश्वशक्तीच्या दरम्यान गेली.

लाम्प्रेदींचं हे इंजिन जिंकलं होतं ते सुपरचार्जर नाकारून. तोच त्याचा मुद्दा होता. रस्त्यावर साडेचार लिटर आणि सुपरचार्जर हे दोन्ही एकत्र नियमात बसतच नव्हतं. पाण्यावर बंधन होतं वजनाचं. म्हणून ग्रां प्रीत ज्याला कधीच परवानगी मिळाली नसती, ते इंजिन बोटीत अस्तित्वात आलं. 375 चं पुरतं बळ किती होतं हे ज्याला जाणायचं असेल, त्याला गाडीकडे पाहून पुरेसं उत्तर मिळणार नाही. त्याने 'आर्नो' कडेच यायला हवं.

मेथॅनॉलच का?

ते जळण्याआधी वाफ होताना खूप उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारं मिश्रण थंड आणि दाट राहतं. शिवाय ते दाबाखाली अवेळी पेटत नाही, म्हणून सुपरचार्जरने ठासून भरलं तरी पिस्टन शाबूत राहतात. तोटे दोन. पेट्रोलच्या साधारण दुप्पट लागतं, आणि त्याची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसतच नाही. काही सेकंदांच्या विक्रमी धावेला पहिल्या तोट्याने फरक पडत नाही. दुसरा मात्र जीवघेणा आहे.

15 ऑक्टोबर 1953 ला काय घडलं?

इझेओ तळ्याच्या दक्षिण टोकाला सार्निको नावाचं गाव आहे. रिवा या प्रसिद्ध बोटयार्डाचं गाव ते हेच. तिथे कास्तोल्दींनी 'आर्नो 11' ताशी 241.708 किलोमीटरवर नेली. एक किलोमीटर पाणी 15 सेकंदांच्याही आत. 800 किलो वर्गातला हा विक्रम आजही त्याच बोटीच्या नावावर आहे.

हा आकडा आजच्या महामार्गावरच्या गाडीशी ताडून पाहू नका. गाडीखाली डांबर असतं, चार चाकं असतात, ब्रेक असतो. इथे खाली होतं हलतं पाणी आणि त्याला टेकले होते दोन लाकडी पाय आणि पंख्याची दोन पाती.

विक्रम मोजतात कसा?

बोट आधी पूर्ण वेग घेते आणि मग मोजलेल्या किलोमीटरमध्ये शिरते. एकदा एका दिशेने, मग ठरावीक वेळेत उलट दिशेने, आणि दोन्हींची सरासरी. वाऱ्याचा किंवा प्रवाहाचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून ही पद्धत. देखरेख करते यूआयएम, म्हणजे मोटारबोट शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना. ती 1922 पासून आहे.

या पद्धतीत एक सापळा दडलेला आहे. पहिल्या धावेत बोटीनेच उठवलेल्या लाटा काठावर आपटून परत येतात. त्या निवायला वेळ लागतो. घाईने परत फिरलं तर आपल्याच लाटा आडव्या येतात. डोनल्ड कॅम्पबेल 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन तळ्यावर 'ब्लूबर्ड के7' या जेट बोटीतून असेच न थांबता परत फिरले आणि त्या धावेत गेले. त्या अपघाताला इतर कारणंही जोडली जातात, पण लाटांचा उल्लेख प्रत्येक जाणकार करतो.

आरशासारखं शांत पाणी सगळ्यांत चांगलं ना?

तसं वाटतं खरं. पण अगदी निपचित पाणी तळाला चिकटून राहतं. किंचित चुरचुरीत लहरी असल्या की तळाखाली हवा शिरते आणि बोट सुटी होते. चालकांना तसं पाणी जास्त आवडतं.

मारिओ वर्गा पुढे काय झाले?

याचं उत्तर लिहिताना दरवेळी हात जड होतो.

800 किलोंचा विक्रम गेल्यावर वर्गांनी एका वर्गापुरतं न थांबता सरळ पाण्यावरच्या सर्वोच्च वेगाचा विक्रम करायचं मनावर घेतलं. तो 1952 पासून 'स्लो-मो-शन 4' कडे होता, ताशी सुमारे 287 किलोमीटर. त्यासाठी त्यांनी 'लाउरा 3' मध्ये एक नाही, दोन अल्फा 159 इंजिनं बसवली. 9 ऑक्टोबर 1954 रोजी, कास्तोल्दींच्या विक्रमाला वर्ष व्हायला सहा दिवस उरले असताना, त्याच इझेओ तळ्यावर 'लाउरा 3' वेगात उलटली आणि वर्गा गेले.

या बोटी उलटतात का?

तळाखालच्या ज्या हवेने बोट उचलली जाते, तीच हवा तिला पालथी करते. वेग वाढला, एखाद्या लहरीने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हातभर वर गेली, की तळ वाऱ्यासमोर पंखासारखा उभा राहतो. एका मर्यादेपलीकडे गेली की ती नाळ खाली येत नाही, कितीही कसलेला हात असला तरी. बोट मागे कोलमडते. एवढ्या वेगात पाणी मऊ राहत नाही.

सर्वोच्च विक्रमाच्या मागे लागलेल्यांची यादी याच कारणांनी दुःखद आहे. हेन्री सीग्रेव्ह 1930 मध्ये विंडरमिअरवर गेले, जॉन कॉब 1952 मध्ये लॉक नेसवर, मग वर्गा, मग कॅम्पबेल. आजचा विक्रम केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियन माणसाचा आहे, ऑक्टोबर 1978 मधला, ताशी 511 किलोमीटरचा, जेट इंजिनावरचा.

'आर्नो 11' नंतर कुणाकडे गेली?

कास्तोल्दींनी पुढे शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि बोट नांदो देल्लोर्तो या इंजिनिअर शर्यतपटूकडे गेली. त्यांनी तिच्या अंगाला हवेचा विचार करून नवा आकार दिला आणि 1960 च्या दशकातही ती शर्यतीत उतरवली. मग बरीच वर्षं ती पडून होती. पुढे फेरारीच्या जाणकारांनी तिचा जीर्णोद्धार केला. मे 2012 मध्ये मोनॅकोच्या लिलावात ती 8,68,000 युरोंना विकली गेली.

फेरारी आणि अल्फा सोडून इतर कुणाची इंजिनं?

मासेरातीच्या स्पोर्ट्स गाड्यांची इंजिनं इटालियन हायड्रोप्लेनमध्ये बसली, त्यांत 450एस या गाडीचं दणकट व्ही8 सुद्धा. खास बोटींसाठी मिलानला बनणारी बीपीएम इंजिनंही याच शर्यतींत होती.

इंग्लंडमधलं माझं आवडतं उदाहरण नॉर्मन बकली यांचं. हे मँचेस्टरचे वकील. विंडरमिअर तळ्यावर त्यांनी जॅग्वारचं एक्सके इंजिन लावलेल्या 'मिस विंडरमिअर' मधून एका तासात कापलेल्या अंतराचा जागतिक विक्रम केला. किलोमीटरभराची धाव ही ताकदीची परीक्षा, तर तासाभराची धाव ही इंजिनाच्या तब्येतीची. गाडीचं इंजिन तासभर पाण्यावर पूर्ण भाराखाली टिकवणं मला कित्येकदा जास्त मोठं वाटतं. लिहिणारे मात्र कमाल वेगामागेच धावतात.

अमेरिकेत लहान वर्गांत फोर्डची साधी व्ही8 इंजिनं सर्रास चालत. 'एक्झॉटिक' म्हणावं असं तिथे क्वचित. 1939 आणि 1941 चा गोल्ड कप, म्हणजे अमेरिकेतली मानाची बोटशर्यत, जिंकणारी 'माय सिन' हा मोठा अपवाद. तिच्यात इंडियानापोलिसच्या शर्यती गाजवणाऱ्या मिलर घराण्याचं सोळा सिलिंडरचं इंजिन होतं. तीच बोट पुढे वाद्यवृंदाचे प्रमुख गाय लोम्बार्डो यांनी घेतली, 'टेम्पो 6' नाव दिलं आणि 1946 चा गोल्ड कप पुन्हा जिंकला.

लॅम्बोर्गिनीची इंजिनं लावलेली बोट पाहिली आहे. ती यात मोडते का?

ती रिवाची 'अक्वारामा', खुद्द फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी 1968 मध्ये स्वतःसाठी घेतलेली, आपल्या गाडीची चार लिटरची दोन व्ही12 इंजिनं बसवून. नेदरलँड्समधल्या रिवाच्या जाणकारांनी तिचा जीर्णोद्धार करून 2013 मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरवली. अतिशय देखणी बोट, पण हायड्रोप्लेन नव्हे. ती फिरायची बोट आहे.

2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर शर्यत झाली होती, त्या बोटी याच का?

नाही. त्या पी1 मालिकेच्या बोटी होत्या, समुद्राच्या लाटांसाठी बांधलेल्या, खोल व्ही आकाराच्या तळाच्या. तीन टेकूंची जुनी हायड्रोप्लेन मुंबईच्या खाऱ्या लाटांत उतरवणं शक्य नाही. लाटेने तिचे स्पॉन्सन फुटतील आणि खारं पाणी तिचं इंजिन आतून खाईल.

जुनी बोट दुरुस्त करताना फळ्या बदलल्या तर ती 'अस्सल' राहते का?

लाकूड कुजतं, सुकतं, सांध्यांतून उघडतं. पाण्यात उतरवायची असेल तर काही फळ्या बदलाव्याच लागतात. गंजलेले खिळे आणि तुटलेला स्पॉन्सन जपून ठेवून कुणाला बोट चालवता येत नाही. माझं मत असं की तळाचा मूळ आराखडा आणि सांगाडा टिकला, आणि काय बदललं याची नोंद ठेवली, तर ती बोट तीच.

खरी काळजी इंजिनाची आहे. ग्रां प्रीचं इंजिन बोटीपेक्षा मोलाचं ठरतं, म्हणून ते बोटीतून काढून जुन्या गाडीत घालण्याचा मोह मोठा असतो. गाडीला तिचं हृदय परत मिळतं हे खरं, पण मागे राहतो तो रिकामा लाकडी सांगाडा, ज्याच्याकडे नंतर कुणी वळून पाहत नाही. 'आर्नो 11' तिच्या इंजिनासह एकत्र राहिली, हे तिच्या विक्रमाइतकंच मोठं भाग्य मी समजतो.

प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतील?

इटलीत गेलात तर कोमो तळ्याकाठी पियानेल्लो देल लारिओ गावात जुन्या बोटींचं मोठं संग्रहालय आहे. सार्निकोला नुसतं काठावर उभं राहिलात तरी ते पाणी तेच आहे. पो नदीवरची पाविया ते व्हेनिस ही शर्यत 1929 पासूनची; तिची माहिती काढून ठेवा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना जास्त सोयीचं आहे. सिएटलच्या एमओएचएआय या इतिहास संग्रहालयात 'स्लो-मो-शन 4' छताला टांगलेली आहे, म्हणजे तिचा तळ खालून नीट पाहता येतो. जवळच केंट गावात हायड्रोप्लेनचं स्वतंत्र संग्रहालय आहे. न्यूयॉर्क राज्यात सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटनला जुन्या बोटींचं संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात 2024 पासून 'ब्लूबर्ड के7' आहे, आणि वॉर्बी यांची बोट सिडनीच्या सागरी संग्रहालयात.

कुठेही गेलात तरी आधी खाली वाका आणि तळ पहा. दोन स्पॉन्सनच्या मागच्या कडा शोधा, मग पंख्यापाशी या. बोट पूर्ण वेगात असताना पाण्याला टेकत होती ती एवढ्याच जागी. त्यानंतर उभे राहून इंजिन पहा.